मूलनलिका प्रक्षालन द्रावणे

मूलनलिका प्रक्षालन द्रावणे ही रूट कॅनाल उपचारात दाताच्या मुळातील नलिका धुण्यासाठी वापरली जाणारी द्रावणे आहेत. जिवाणूंचा नाश करणे, मृत ऊतक विरघळवणे आणि नलिका घासताना निघालेला चुरा बाहेर काढणे ही त्यांची प्रमुख कार्ये होत. ही सर्व कार्ये पूर्णपणे करणारे एकच द्रावण उपलब्ध नाही.

आवश्यकता

काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी १९६५ साली उंदरांच्या दाढांतील पल्प, म्हणजे दाताच्या आतील मऊ ऊतक, उघडे पाडले. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये ते भरून आले; सामान्य उंदरांमध्ये मात्र मृत झाले. यावरून रोगातील जिवाणूंची भूमिका स्पष्ट झाली. उपकरणे नलिकेच्या भिंतीचा सुमारे एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग स्पर्शही करू शकत नाहीत. त्यामुळे तेथील स्वच्छता द्रावणांवरच अवलंबून असते. बिस्ट्रॉम व सुंडक्विस्ट यांच्या १९८३ सालच्या अभ्यासात ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट हे सलाइनपेक्षा अधिक परिणामकारक आढळले.

प्रमुख द्रावणे

* सोडियम हायपोक्लोराइट : पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन यांनी जखमांसाठी याचे ०.५ टक्के द्रावण वापरात आणले. दंतवैद्यकात साधारणतः ०.५ ते ६ टक्के तीव्रता वापरतात. हे जिवाणू मारते आणि ऊतकही विरघळवते.
* क्लोरहेक्सिडीन : २ टक्के द्रावणाचा जिवाणूरोधक परिणाम डेंटिनवर काही काळ टिकून राहतो, मात्र ते ऊतक विरघळवत नाही.
* ईडीटीए : १७ टक्के द्रावण कॅल्शियम बांधून घेऊन भिंतीवरील चुऱ्याचा थर काढते. त्याची जिवाणूनाशक क्षमता अल्प असते.

परिणामकारकतेच्या मर्यादा

प्रयोगशाळेतील निष्कर्ष प्रत्यक्ष दातात जसेच्या तसे लागू होत नाहीत. सेंद्रिय पदार्थांशी अभिक्रिया होऊन हायपोक्लोराइटमधील क्लोरीन खर्ची पडतो, म्हणून द्रावण वारंवार बदलावे लागते. जैवपटलातील जिवाणू मोकळ्या जिवाणूंपेक्षा अधिक चिवट असतात. अयशस्वी ठरलेल्या उपचारांनंतर एंटेरोकॉकस फिकॅलिस हा जिवाणू अनेकदा आढळतो. तो डेंटिनच्या सूक्ष्म नलिकांत शिरून टिकाव धरतो.

सुरक्षितता

हायपोक्लोराइट व क्लोरहेक्सिडीन एकत्र आल्यास नारिंगी-तपकिरी साका तयार होतो. त्यामुळे दोन्हींच्या वापरादरम्यान नलिका धुऊन घेतात. मुळाच्या टोकाबाहेर हायपोक्लोराइट गेल्यास तीव्र वेदना, सूज व रक्तस्राव होऊ शकतो. हे टाळण्यासाठी सुई नलिकेत घट्ट न अडकवता द्रावण हळूहळू सोडतात.