नावे ठेवणारे शेजारी

दिवाळीच्या दिवसांत केळापूर-झरीकडच्या गोंडवस्तीत दंडार निघते. डोक्यावर मोरपिसांचे भले मोठे टोप घातलेले घुसाडी, ढोलाचा ठेका आणि भोवती पोरासोरांचा घोळका. एका वर्षी मीही त्या घोळक्यात उभा होतो. शेजारच्या म्हाताऱ्याला सहज विचारले, "बाबा, हा नाच गोंडांचाच ना?" त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिले आणि म्हटले, "गोंड तुम्ही म्हणता जी. आम्ही कोयतूर."

जन्म यवतमाळ जिल्ह्यात गेला आणि शेजाऱ्याचे नाव मला ठाऊक नव्हते! मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे. बारशाला आपण बाळाचे नाव ठेवतो. शेजाऱ्याला मात्र नावे ठेवतो. लोकसमूहांच्या नावांचा इतिहास पाहिला, तर ही मात्रा फार वेळा निसटलेली दिसते.

हे सर्व जगात चालते. जर्मन लोक स्वतःला 'डॉइच' म्हणवतात. रशियन त्यांना 'नेमेत्स' म्हणतात, आणि त्या शब्दाचे मूळ 'मुका' या अर्थाच्या शब्दात सांगतात. आपली भाषा ज्याला येत नाही तो मुकाच! इंग्रजांनी वेल्श लोकांना दिलेल्या नावाचा मूळ अर्थ 'परका'; तेही त्यांच्याच भूमीत. आपल्या पूर्वजांनीही अस्पष्ट बोलणाऱ्याला 'म्लेच्छ' म्हटलेच की.

'गोंड' या नावाचे नशीब तर विलक्षण. त्यावरून प्रदेशाला गोंडवन म्हणू लागले आणि १८८५ साली एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने एका प्राचीन महाखंडालाच 'गोंडवन-भूमी' हे नाव दिले. आज अंटार्क्टिकाच्या खडकांचा अभ्यास करणारा विद्वानही ते उच्चारतो. परक्यांनी दिलेले नाव दक्षिण ध्रुवापर्यंत पोचले. घरचे नाव 'कोयतूर' मात्र शेजारच्या गल्लीतही कोणी विचारीत नाही.

कोलामांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. त्यांच्या लहान वस्तीला आमच्याकडे 'पोड' म्हणतात. ते स्वतःला 'कोलावर' म्हणवतात. गोंड त्यांना 'पुजारी' म्हणतात, कारण कित्येक स्थानिक देवतांची पूजा कोलामांच्याच हातची लागते. तेलुगू मुलखात त्यांचे 'मन्नेरवारलू' होते. एकच माणूस, पण हाक मारणारा बदलला की नाव बदलते! नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली छापली गेली. त्यांत गोंडांच्या साडेबारा जातींची यादी आहे आणि कोलामही त्यांतच घातले आहेत. पुढे एमेनो या भाषापंडिताने वर्धा भागात कोलामांची बोली ऐकून तिचे व्याकरण लिहिले. १९५५ साली तो ग्रंथ निघाला आणि कोलामी ही गोंडीची पोटबोली नसून स्वतंत्र द्राविडी भाषा आहे हे स्पष्ट झाले. यादीने ज्यांना एकत्र कोंबले होते, त्यांना त्यांच्या भाषेने वेगळे काढले.

पुसदकडे वळलो की तांडे लागतात. माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे गहुली गाव याच तालुक्यातले. आम्ही त्या समाजाला बंजारा म्हणतो, कोणी लमाण म्हणतात. ते आपसांत 'गोर'. आणि जो गोर नाही तो 'कोर'. म्हणजे तुम्ही-आम्ही सारे कोर! आपल्यालाही कोणीतरी नाव ठेवलेले आहे, हे कळले की माणूस थोडा नम्र होतो.

येथवर ही गंमत वाटेल. पण नाव एकदा सरकारी कागदावर चढले की त्यावर शिष्यवृत्ती, जमीन आणि नोकरी ठरते. हाच गोर समाज पैनगंगेच्या अलीकडे विमुक्त जातीत मोडतो, पलीकडे तेलंगणात अनुसूचित जमातीत, तर कर्नाटकात अनुसूचित जातीत. नदी ओलांडायला काही मिनिटे लागतात; तेवढ्यात माणसाचा वर्ग बदलतो.

याहून नवल आमच्या जिल्ह्याच्या पोटातच घडले. तेव्हा जिल्ह्यात पाच तहसिली होत्या. १९५६ च्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड-कोलामांना मान्यता मिळाली ती केळापूर, वणी आणि यवतमाळ या तीनच तहसिलींत. दारव्हा आणि पुसद वगळलेले. एक भाऊ यवतमाळ तहसिलीत आणि दुसरा दारव्ह्यात राहत असला, तर पहिला कागदावर आदिवासी आणि दुसरा नव्हे! आई एक, बोली एक, देव एक. पण शिवेच्या दगडाने भावाभावांत भेद केला. ही क्षेत्राची अट १९७६ च्या कायद्याने उठली. मधल्या वीस वर्षांत ज्या पोराची शाळा सुटली असेल, त्याला तो कायदा काय परत देणार?

यादी करणाऱ्यांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. राज्यकारभाराला याद्या लागतात, आणि याच याद्यांनी पुष्कळांना शाळेची वाट दाखवली. पण यादी हे खाते आहे, ओळख नव्हे. खुद्द आमच्या जिल्ह्यालाही इंग्रजी अमदानीत वणी जिल्हा म्हणत; १९०५ साली तो यवतमाळ जिल्हा झाला. तेवढ्याने जिल्ह्यातली माणसे काही बदलली नाहीत.

दंडार आजही निघते. तो म्हातारा पुन्हा भेटला नाही, पण त्याने मला एक रीत शिकवली. आता नव्या वस्तीत गेलो की मी "तुम्ही अमुकच ना?" असे म्हणत नाही. "तुम्ही स्वतःला काय म्हणता?" एवढेच विचारतो, आणि बहुतेक वेळा चहा पुढे येतो.