‘सुहैली’ ते ‘म्हादेई’ : एकट्या खलाशाचा दिनक्रम

१४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून ३२ फुटी शिडाची एक नौका एकाच माणसाला घेऊन निघाली. माणूस इंग्रज होता, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. नौका मात्र मुंबईची. ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीत अधिकारी असताना त्यांनी ‘सुहैली’ मुंबईच्या सुतारांकडून सागवानात बांधून घेतली होती. वाकस आणि सामता ही त्या कारागिरांची मुख्य हत्यारे.

कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची, अशी ती शर्यत होती. अशा प्रवासाचे चित्र वादळांनी भरलेले असते. प्रत्यक्षात दिवस जातो दुरुस्तीत.

अटलांटिकमध्येच ‘सुहैली’च्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपू लागले. नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरले, श्वास रोखून बुडीखाली गेले आणि सांध्यावर कापूस व कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकू लागले. गोरी कातडी शार्कच्या नजरेत भरू नये म्हणून अंगात गडद कपडे. तरीही शार्क आलाच. ते नौकेवर चढले, त्याला बंदुकीने टिपले आणि उरलेले काम पुरे करायला पुन्हा पाण्यात उतरले. मुंबईच्या धक्क्यावर सुतारांनी केलेले काम भरसमुद्रात एकट्या हातांनी पुन्हा करावे लागत होते.

पुढे पिण्याच्या पाण्याच्या टाक्या दूषित झाल्या. शिडांवरून ओघळणारे पावसाचे पाणी साठवणे हा नित्यक्रम झाला. वाऱ्याच्या आधाराने दिशा धरणारी सुकाणू-यंत्रणा ऑस्ट्रेलियाजवळ निकामी झाली. पहारा बदलायला दुसरे कोणी नाही, त्यामुळे झोप तुकड्यातुकड्यांनी. रेडिओही बंद. न्यूझीलंड सोडल्यावर चार महिन्यांहून अधिक काळ ते जिवंत आहेत की नाहीत, हे जगाला ठाऊक नव्हते. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, ते फाल्मथला परतले. नऊ स्पर्धकांपैकी शर्यत पूर्ण करणारे ते एकटेच.

या हस्तकौशल्याचा वारसा पुढे भारतात आला. एकट्या भारतीयाने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास होता व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत. अहिल्यानगरसारखाच तोही पर्जन्यछायेतला मुलूख, समुद्रापासून चांगलाच आत. नौदलातून पुढे आले कमांडर दिलीप दोंदे. २००६ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन दुसऱ्या एका शर्यतीची तयारी करत होते, तेव्हा दोंदे यांनी त्यांच्या नौकेवर अक्षरशः शागिर्दी केली. मग गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ आकाराला आली, आणि ती घडत असताना दोंदे तिथेच होते. हा तपशील लहान वाटतो; पण नौकेचा प्रत्येक सांधा आणि प्रत्येक तार ठाऊक असणे, हेच पुढे भरसमुद्रात कामी येते.

१९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघालेले दोंदे फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन असे चार थांबे घेत मे २०१० मध्ये मुंबईला परतले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच ‘म्हादेई’वर हाच वेढा न थांबता पूर्ण केला.

पण दुरुस्ती करणारा माणूसच मोडून पडला तर? २०१८ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांच्या शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त टॉमी गोव्यातच बांधलेल्या ‘सुहैली’च्या प्रतिकृतीवर, ‘थुरिया’वर, निघाले होते. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. हलताही येत नव्हते. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. ‘थुरिया’ मागेच राहिली.

सप्टेंबर २०२२ मध्ये ते त्याच शर्यतीत पुन्हा उतरले. वाटेत सुकाणू-यंत्रणा मोडत राहिली, आणि ते नौकेवरचेच सामान वापरून ती जोडत राहिले. एप्रिल २०२३ मध्ये ते दुसऱ्या क्रमांकाने किनाऱ्याला लागले.