बळ आणि बैठक

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यांत सर्वश्रुत आहे. अलीकडे मात्र या शहराची ख्याति लोखंडावर आहे. येथील गिरण्यांतून निघालेल्या सळया घरांच्या व पुलांच्या पोटांत जातात. पश्चिमेस छत्रपति संभाजीनगर ओलांडलें कीं वाळूज लागतें. तेथें १९८५ सालीं बजाज कंपनीचा कारखाना उभा राहिला. लोखंड हाताशीं असणें निराळें, आणि त्यांत वेग भरणें निराळें. हा भेद आम्हांस ‘पॉवर क्रूझर’ जातीच्या मोटारसायकलींच्या इतिहासांत स्पष्ट दिसतो.

क्रूझर म्हणजे बसक्या आसनाची, लांब अंगाची, सावकाश दूर जाणारी गाडी. तीस शर्यतीच्या घोड्याचें बळ दिलें कीं पॉवर क्रूझर झाली. जपानच्या यामाहा कंपनीनें १९८५ सालीं ‘व्ही-मॅक्स’ काढून ही जात नांवारूपास आणली. तिचें इंजिन चार सिलिंडरांचें, ११९८ सी.सी.चें, फेरे वाढले कीं एकेका सिलिंडरास दोन कार्बुरेटरांतून इंधन मिळे. लांब व बसकी ठेवण असल्यानें जोराच्या झटक्यासरशीं पुढचें चाक उचलत नाहीं. पण तीच ठेवण वळणावर हट्ट धरते. बळ आणि बैठक यांस एकत्र नांदविणें, हाच रचनाकाराचा खरा कस होय.

महाराष्ट्रांत ही विद्या पायरीपायरीनें आली. २००१ सालीं बजाजनें ‘एलिमिनेटर’ आणली. तिचें १७५ सी.सी.चें इंजिन कावासाकीचें होतें. २००५ सालच्या ‘ॲव्हेंजर’ची अंगलट तीच राहिली, परंतु आंत स्वतःच्या पल्सरचें १८० सी.सी.चें इंजिन आलें. २०१६ च्या डिसेंबरांत चाकणला घडलेली ‘डॉमिनार’ निघाली. तिचें ३७३ सी.सी.चें इंजिन ऑस्ट्रियाच्या केटीएमशीं नातें सांगतें. पण त्याचा माथा नव्यानें घडविला होता. ८९ मिलिमीटर रुंद सिलिंडरांत एकाच ठिणगीची ज्योत कडेपर्यंत पोंचण्यास उशीर लागतो, म्हणून तेथें तीन ठिणग्यांची योजना झाली. ३५ अश्वशक्तीच्या या गाडीचें आसन ॲव्हेंजरपेक्षां उंच ठेवलें, तेव्हां वळणाचा हट्टहि कमी झाला. काटेकोर वर्गीकरण करणारे तीस क्रूझर म्हणणार नाहींत. घराणें मात्र तेंच.

कोणी म्हणेल, हें सारें उसनें. आम्हांस तसें वाटत नाहीं. उसन्या यंत्राचा माथा उतरवून, त्यांतील उणीव ओळखून, तो आपल्या बुद्धीनें पुन्हा घडवितां आला कीं त्या विद्येवर आपला हक्क बसतो. लोखंडाच्या गांवांनीं हा धडा ध्यानीं घ्यावा.

जालना जिल्ह्यांतून जाणारा समृद्धि महामार्ग २०२२ सालीं खुला झाला; त्यावर दुचाक्यांस मज्जाव आहे. तेव्हां असल्या बलवान गाड्यांसहि येथें जुन्याच रस्त्यानें, खड्डे चुकवीत व बैलगाडीस वाट देत जावें लागतें. तेथें बळाची परीक्षा क्वचितच होते. बैठकीची मात्र प्रत्येक वळणावर होते.