एप्रिलमध्ये चकाचक, जुलैमध्ये फोड! पावडर कोटिंग आणि हवेचं नेमकं नातं काय?

एप्रिलमध्ये बाईकची रिम पावडर कोटिंग केली, एकदम कंपनीसारखी दिसली. जुलैमध्ये तीच गन, तीच पावडर, तोच ओव्हन. पण भट्टीतून बाहेर आलेल्या रिमवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं, आणि महिन्याभरात कडेला गंज. मग दोष कुणाचा? पावडरचा, गनचा की हवेचा?

घरच्या घरी किंवा छोट्या शेडमध्ये पावडर कोटिंग करणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातलं कुंडल आणि त्याचा परिसर डोळ्यासमोर ठेवला, तर यामागचं विज्ञान सोपं होतं.

कुंडलच का?

कारण या भागाला लोखंड नवीन नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आणला. तीच आजची किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगरापासून सुरू झालेला हा प्रवास पुढे पंपांपर्यंत गेला. आज आजूबाजूला ऊस आहे, द्राक्षबागा आहेत. म्हणजे फवारणी यंत्रांच्या फ्रेम, गेट, ग्रिल, ट्रॉलीचे सुटे भाग अशी रंगवण्यासारखी कामं भरपूर.

दुसरं कारण हवामान. सांगली जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस कमी होत जातो. शिराळ्यात धो-धो, जतमध्ये तुरळक. कुंडल या दोन टोकांच्या मधे येतं. इथे उन्हाळा कोरडा आणि कडक, तर पावसाळा दमट. एकाच शेडमध्ये वर्षभरात दोन टोकांची हवा मिळते.

पावडर कोटिंग म्हणजे नेमकं काय?

साध्या रंगात थिनर असतं, पावडर कोटिंगमध्ये नसतं. प्लास्टिकसारख्या रेझिनची बारीक पावडर गनमधून उडवली जाते. उडताना तिला विद्युतभार मिळतो. समोरच्या लोखंडी जॉबला अर्थिंग दिलेलं असतं, त्यामुळे पावडर त्याला जाऊन चिकटते. मग जॉब ओव्हनमध्ये साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला १० ते २० मिनिटं भाजला जातो. पावडर वितळते, पसरते आणि कडक थर तयार होतो. हा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे जवळपास डोक्याच्या केसाएवढ्या जाडीचा असतो. ही पद्धत १९५० च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांच्या कामातून पुढे आली.

यात दोन ठिकाणी हवा लागते. एक, शेडमधली हवा. दुसरी, कॉम्प्रेसरमधून गनला जाणारी हवा. बहुतेक जण पहिलीकडे बघतात. खरा घोळ बऱ्याचदा दुसरीत असतो.

शेडमधली हवा दमट असेल तर काय होतं?

साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता या कामासाठी चांगली मानली जाते. कुंडल परिसरात जुलै-ऑगस्टमध्ये, विशेषतः सकाळी, ती ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. मग तीन गोष्टी होतात.

• पावडर ओलावा धरते. गोळे होतात, गन मधेच थुंकल्यासारखी पावडर टाकते.
• पावडरवरचा विद्युतभार टिकत नाही. ती नीट चिकटत नाही, हलकासा धक्का लागला तरी झडते.
• घासून स्वच्छ केलेलं लोखंड उघडं असतं. दमट हवेत त्यावर काही तासांतच गंजाची झाक येते. वरून कोटिंग केलं तरी गंज खालून वाढत राहतो.

मग हवा जितकी कोरडी तितकं चांगलं का? तसंही नाही. फार कोरड्या हवेत भार निघूनच जात नाही. पावडर पाईपला, बूथच्या भिंतींना चिकटते आणि जॉबवर खडबडीत, संत्र्याच्या सालीसारखा थर येऊ शकतो. शिवाय मे महिन्याच्या उकाड्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या पावडरचे गोळे होतात. ते ओलाव्याने नाही, उष्णतेने होतात.

कॉम्प्रेसरमध्ये पाणी येतं कुठून?

हा या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. समजा पावसाळ्याचा दिवस आहे, तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के. अशा एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. कॉम्प्रेसर टाकीत ७ बार, म्हणजे साधारण १०० पीएसआय दाब करतो, तेव्हा आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबली जाते. वाफ झाली साधारण १९० ग्रॅम. पण ३० अंशाला एक घनमीटर जागेत जेमतेम ३० ग्रॅम वाफ राहू शकते. उरलेलं सुमारे १६० ग्रॅम पाणी होतं. एवढी हवा खेचायला छोट्या कॉम्प्रेसरला साधारण तासभर लागतो.

आता उन्हाळ्याचा हिशोब करू. तापमान ३५ अंश, आर्द्रता ३० टक्के. तरीही त्याच हिशोबाने ५० ग्रॅमच्या वर पाणी निघतं. म्हणजे बाहेर आकाश निरभ्र असलं तरी पाईपमध्ये पाणी असतंच, पावसाळ्यात ते तिप्पट होतं इतकंच. हेच पाणी थेंबाथेंबाने पावडरमध्ये मिसळतं. ओव्हनमध्ये त्याची वाफ होते, वितळलेला थर फोडून बाहेर पडते आणि मागे छिद्र राहतं.

मग हवेच्या दाबाचं काय?

इथे दोन दाबांची गल्लत होते.

पहिला, वातावरणाचा दाब. कुंडल समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे इथला दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी असतो. कॉम्प्रेसरला टाकी भरायला किंचित जास्त वेळ लागेल, एवढाच फरक. पावसाळ्यात कमी दाबाचा पट्टा आला तरी दाब एखाद्या टक्क्यानेच हलतो. त्याने कोटिंग बिघडत नाही. त्या पट्ट्याबरोबर येणाऱ्या ओलाव्याने बिघडतं.

दुसरा, गनला मिळणारा दाब. हा मात्र निर्णायक. घरगुती वापराच्या अनेक छोट्या गनना ८ ते १० पीएसआय इतकाच दाब लागतो. नेमका आकडा गनच्या माहितीपत्रकात असतो. दाब जास्त झाला तर पावडर जॉबवर आपटून उडून जाते, आधी बसलेली पावडरही झडते. कमी झाला तर ढग नीट तयार होत नाही, पावडर ढेकळासारखी पडते. पावडर अडकतेय म्हणून दाब वाढवत नेणं ही नेहमीची चूक. अडकण्याचं कारण ओलावा असेल, तर दाब वाढवून तो जात नाही.

पावसाळ्यात काय करायचं?

• काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर टाकीचा ड्रेन कॉक उघडून पाणी काढा.
• वॉटर ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटून लावू नका. तिथे हवा गरम असते, पाणी वाफेच्या रूपातच पुढे निघून जातं. पाच-सात मीटर पाईपनंतर हवा थंड झाली की लावा. त्यापुढे गनजवळ सिलिका जेलचा फिल्टर लावा.
• चाचणी सोपी आहे. पावडर न भरता गनमधून स्वच्छ आरशावर एक मिनिट हवा सोडा. आरसा धुरकट झाला तर थांबा.
• काही शे रुपयांत आर्द्रतामापक मिळतो. काटा ७० च्या वर असेल तर दुपारपर्यंत वाट पाहा.
• जॉब घासल्यावर लगेच, त्याच दिवशी कोटिंग करा. त्याआधी ओव्हनमध्ये थोडा गरम करून ओलावा घालवा आणि पुन्हा थंड होऊ द्या.
• पावडरची पिशवी हवाबंद ठेवा. थंड खोलीतून आणली असेल तर लगेच उघडू नका, नाहीतर आत दव धरेल.
• भाजण्याआधी थर नीट बघा. कच्ची पावडर हवेने उडवून पुन्हा मारता येते. एकदा भाजली की ती खरवडूनच काढावी लागते, आणि नफा तिथेच जातो.

हे विसरू नका

हवेत उडालेली पावडर पेट घेऊ शकते. जवळ गॅस, विडी-सिगारेट किंवा ठिणगी उडवणारी मोटर नको. अर्थिंग पक्कं हवं, तोंडावर धुळीचा मास्क हवा. ज्या ओव्हनमध्ये एकदा जॉब भाजला, त्यात पुन्हा कधीच स्वयंपाक करायचा नाही.

थोडक्यात, पावसाळ्यात पावडर कोटिंग होतच नाही, हे खरं नाही. कंपन्यांचे कारखाने बारा महिने सुरू असतात, कारण तिथे गनला जाणारी हवा आधी कोरडी केली जाते. शेडवरचं आभाळ कुणाच्या हातात नसतं, पाईपमधली हवा मात्र असते.