मगर आणि खेकडा

यंत्र कोणी बांधले याची नोंद इतिहासात असते. त्याला हाक कोणत्या नावाने मारली जाई, याची सहसा नसते. मुंबईच्या घाटांत मालगाड्या ओढणाऱ्या एका विद्युत इंजिनाकडे आम्हां साहित्य शिकवणाऱ्यांचे लक्ष गेले ते या दुसऱ्या नोंदीमुळे.

मुंबईत विजेची पहिली आगगाडी १९२५ साली धावली. परंतु जीआयपी रेल्वेची खरी कसोटी होती ती बोरघाट आणि थळघाट येथे. सदतीस फुटांमागे एक फूट अशा चढावर वाफेच्या इंजिनांची दमछाक होई. घाटांत वीज नेण्याचे ठरल्यावर मालगाड्यांसाठी ४१ इंजिने मागवण्यात आली. त्यांपैकी १० स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे आणि ३१ इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीत बांधली गेली. १९२८ पासून ती दाखल होऊ लागली. मध्ये उंच खोली आणि दोन्ही टोकांना लांब, बुटकी नाके, असे तीन भागांत सांधलेले ते धूड वळणावर अंग मोडून वळे. मोटारींची गती चाकांपर्यंत पोहोचे ती बाहेरून दिसणाऱ्या आडव्या दांड्यांमधून. उतारावर त्याच मोटारी वीज निर्माण करून तारेत परत पाठवीत.

रेल्वेने या वर्गाला 'ईएफ/१' म्हटले, पुढे 'डब्ल्यूसीजी-१'. यातल्या एका इंजिनाला मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव मिळाले. कामगारांनी मात्र या साऱ्या वर्गाला एकच नाव दिले : खेकडा.

हे नाव इंजिनाच्या कण्हल्यासारख्या विचित्र आवाजावरून पडले, असे सांगितले जाते. आम्हांला ते पटत नाही. खेकडा कोकणातल्या माणसाला ठाऊक असतो तो आवाजाने नव्हे, चालीने. ओळीने हलणाऱ्या त्या दांड्यांत त्याला खेकड्याचे पाय दिसले असावेत. स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड मार्गावरील अशाच घडणीच्या इंजिनांना तिकडे 'मगर' म्हणतात. तेथे नजर लांब नाकावर खिळली. येथे ती खाली, चाकांपाशी गेली. रुळांलगत उभे राहून काम करणाऱ्याची नजर तिथेच जाणार! हे रूपक कोणत्याही कवीच्या नावावर नाही, म्हणून ते आमच्या अभ्यासक्रमातही नाही.

१९७० च्या दशकात चित्तरंजनहून 'डब्ल्यूसीजी-२' आली आणि खेकडे घाटातून हळूहळू यार्डातल्या कामाला लागले; १९९० च्या दशकात ते सेवेतून गेले. एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जो ठेवला आहे, तो नेमका 'सर लेस्ली विल्सन'.