विजेच्या खंडाचा माग : खोपोलीपासून मेजावरील पडद्यापर्यंत

सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस अडवून त्याची वीज करावी आणि ती मुंबईच्या गिरण्यांस पुरवावी, ही कल्पना जमशेटजी टाटांनीं उराशीं बाळगली होती. १९०४ सालीं ते निवर्तले. कंपनी स्थापन झाली ती १९१० सालीं. लोणावळें, वळवण व शिरवतें येथील तलावांचें पाणी घाटाच्या कड्यावरून मोठाल्या नळांतून सुमारें १,७०० फूट खालीं, खालापूर तालुक्यांतील खोपोलीस उतरविण्यांत आलें. १९१५ च्या फेब्रुवारींत तेथील वीज सुमारें ७० किलोमीटर दूर असलेल्या मुंबईस पोहोंचली. पुढें १९२२ सालीं कर्जत तालुक्यांतील भिवपुरीचें वीजगृह सुरू झालें.

परंतु वीज निर्माण करणें हें अर्धेंच काम होय. ज्यास ती जशी हवी तशी करून देणें, हें उरलेलें अर्धें. १९२९ सालीं कल्याण-पुणें लोहमार्गावर कर्जतवरून विजेच्या गाड्या धांवूं लागल्या, तेव्हां त्यांस १,५०० व्होल्टांचा एकदिश प्रवाह लागे. वीजगृहांतून येणारा प्रवाह मात्र सेकंदास पन्नास वेळां आवर्तन पावणारा. म्हणून मार्गालगत रूपांतराचीं ठाणीं उभारावीं लागलीं. आज त्या मार्गावर २५,००० व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह खेळतो, आणि एकदिश करण्याचें काम इंजिनाच्या पोटांत होतें.

संगणकाच्या मॉनिटरमागें तळहाताएवढ्या फळीवर हेंच कार्य चालतें. घरांतील २३० व्होल्टांचा प्रवाह प्रथम एकदिश होऊन मोठ्या कंडेन्सरांत सुमारें ३२५ व्होल्टांनीं सांठतो. मग एक ट्रान्झिस्टर त्याचे सेकंदास हजारों तुकडे पाडतो. आवर्तनें जितकीं अधिक, तितका ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. फळी इतकी हलकी असते याचें कारण हेंच. शेवटीं डायोड व कंडेन्सर मिळून पडद्यास हवा तेवढा शांत प्रवाह देतात, आणि एक नियंत्रक त्यावर अखंड पहारा ठेवतो.

असा मॉनिटर बंद पडला, तर मागहि पाण्याच्या वाटेनें, म्हणजे उगमाकडून खालीं घ्यावा. भिंतींतील वीज आहे काय? फ्यूज शाबूत आहे काय? मोठ्या कंडेन्सरावर ३२५ व्होल्ट येतात काय? तेथवर सर्व ठीक असून पुढें कांहींच नसेल, तर दोष ट्रान्झिस्टर अथवा नियंत्रकांत शोधावा. पुढें वीज येते व क्षणांत जाते, दिवा लुकलुकतो, असें असेल, तर फुगलेला कंडेन्सर, जळालेला डायोड, किंवा खुद्द पडद्याच्या बाजूचा दोष संभवतो. फ्यूज उडाला म्हणून नवा घालून मोकळें होणें हा शोध नव्हे. तो कां उडाला, हें पाहिलें पाहिजे. आणि तार भिंतींतून काढली तरी मोठ्या कंडेन्सरांतील सांठा कांहीं काळ टिकून असतो व प्राणघातक ठरूं शकतो. म्हणून जाणत्याखेरीज कोणींहि झांकण उघडूं नये.

ह्या शोधांतील सर्वांत महत्त्वाचा विवेक असा, कीं प्रत्येक अंधार म्हणजे मोडतोड नव्हे. पुष्कळदां पुरवठा स्वतःस वांचविण्यासाठींच थांबतो. संबंध शहराचीहि हीच गोष्ट. मोठ्या जाळ्यांत बिघाड झाल्यास मुंबई बेटाप्रमाणें अलग करून तिची वीज टिकवावी, अशी योजना १९८१ पासून अमलांत आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास कळवें येथील ठाण्याशीं निगडित वाहिन्या बंद पडल्या. आवर्तनांची गति एकाएकीं घसरली. ती अलग करण्याची योजनाहि त्या दिवशीं टिकली नाहीं. लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या, आणि साथीच्या त्या दिवसांत रुग्णालयांना स्वतःच्या जनित्रांचा आधार घ्यावा लागला. यंत्रें बहुतांशीं धडधाकट होतीं. तुटला होता तो त्यांचा मेळ.

पुन्हां उभारणी करतांना घाटांतील जलविद्युत् संचांचा व तुर्भ्याच्या औष्णिक केंद्राचा उपयोग झाला. कोळशाची भट्टी तापण्यास वेळ लागतो. पाण्याची झडप उघडली, कीं चाक कांहीं मिनिटांत वेग घेतें. गिरण्यांकरितां बांधलेल्या व्यवस्थेचें हें मोल गिरण्या गेल्यावरहि उरलें आहे.

शहर काय, फळी काय, शोधाची रीति एकच. उगमापासून क्रमानें चालावें, प्रत्येक टप्प्यावर मोजून पाहावें, आणि कारण हातीं लागल्यावांचून वीज पुन्हां जोडूं नये. अंधारांत माणसाला घाई सुचते. परंतु दिवा परत आणतो तो धीरच.