अक्षीय बल व नमन यांचा संयुक्त परिणाम

इमारतीच्या एखाद्या घटकावर त्याच्या अक्षाच्या दिशेने येणारा दाब किंवा ताण आणि त्याला वाकवणारे परिबल ही दोन्ही एकाच वेळी कार्य करतात, तेव्हा त्याचे सामर्थ्य दोहोंचा एकत्र विचार करूनच ठरवावे लागते. केवळ अक्षीय भार पेलणारा स्तंभ प्रत्यक्षात जवळजवळ नसतोच. तुळयांतून येणारी परिबले, वारा, भूकंप आणि बांधकामात ओळंब्यात राहिलेली थोडी चूक यांमुळे भार स्तंभाच्या मध्यापासून सरकतो. या सरकलेल्या अंतराला उत्केंद्रता म्हणतात.

३०० × ६०० मिमी. छेदाच्या स्तंभावर १,२०० किलोन्यूटन भार असल्यास त्यातील प्रतिबल, म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल, सुमारे ६.७ न्यूटन प्रति चौ. मिमी. येते. हाच भार ६०० मिमी. बाजूच्या दिशेने १०० मिमी. सरकला, तर नमनामुळे तेवढ्याच प्रतिबलाची एका कडेला भर पडते, तर दुसऱ्या कडेला तेवढेच वजा होऊन तेथील दाब शून्यावर येतो. उत्केंद्रता छेदाच्या खोलीच्या एक-षष्ठांशाहून वाढली की दूरच्या कडेला ताण निर्माण होतो आणि काँक्रीट ताणाला दुबळे असल्याने तो सळयांना घ्यावा लागतो.

बहारीनमध्ये मनामाच्या सीफ या समुद्रात भराव घालून तयार केलेल्या भागात १७२ मी. उंचीच्या अल्मोअय्यद टॉवरसारख्या उंच इमारती आहेत. वायव्येकडून येणारा शमाल वारा अशा इमारतीवर आदळला की वाऱ्यामागच्या बाजूच्या स्तंभांवरील दाब वाढतो, वाऱ्यासमोरच्या स्तंभांवरचा कमी होतो आणि चौकटीतील स्तंभ वाकतातही. येथे सर्वाधिक भाराचा स्तंभच सर्वांत धोक्यात, हा समज सोडावा लागतो. पोलादी स्तंभाची नमनक्षमता दाब वाढेल तशी घटत जाते. प्रबलित काँक्रीटमध्ये मात्र एका मर्यादेपर्यंत दाबाने ती वाढते, कारण दाब सळयांवरील ताण हलका करतो. ही मर्यादा म्हणजे संतुलित अवस्था : तीत काँक्रीट चिरडणे आणि सळई ताणाने कायमची लांबू लागणे एकाच वेळी घडते. म्हणून कमी दाबाचा, पण तेवढेच परिबल सोसणारा स्तंभ आधी निकामी होऊ शकतो. सडपातळ स्तंभात आणखी एक भर पडते : तो वाकला की भाराची उत्केंद्रता वाढते आणि त्या वाढीने तो अधिक वाकतो.

भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार प्रत्येक स्तंभासाठी किमान उत्केंद्रता धरावीच लागते. ती मोकळ्या लांबीचा ५०० वा भाग अधिक छेदमापाचा ३० वा भाग इतकी असून २० मिमी.हून कमी चालत नाही. तसेच प्रतिबल उलटण्याची शक्यता असेल, तेथे स्थिर भार ०.९ पट आणि वाऱ्याचा भार १.५ पट धरून तपासणी केली जाते.